पाकीट हरवता हरवेना

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली, जिथे पूर्वी रॉकेलच्या शेगड्या ठेवत असत तिथे एक खोली होती. दारावर पाटी होती: ‘परदेशी विद्यार्थी जपानी भाषा अतिरिक्त अभ्यास साहाय्य कक्ष’. ज्यांच्यासाठी ही खोली होती त्यांना ती पाटी वाचता येत नसे, आणि ज्याला वाचता येऊ लागे त्याला खोलीची गरज उरत नसे. मुलं आपली सरळ ‘अळंबीची खोली’ म्हणून मोकळी होत.

ह्या नावाला कारण ओगाताआजोबा. जंगल खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर बुधवारी मुलांना संभाषणाचा सराव द्यायला फुकट येत. सराव असा, की आजोबा तासभर बोलत आणि मुलं ऐकत. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन, आजोबांच्या ओंडक्यांवर उगवणारी अळंबी, आणि हल्लीच्या सुनांना अळंबीची किंमत नसणं, हे तीन विषय. त्यामुळे मुलांचं बोलणं होतं तिथेच राहिलं, पण माना डोलवण्यात आणि ‘हो का’, ‘अरे वा’ म्हणण्यात ती इतकी तरबेज झाली की कुरेहामा गावातला कुठलाही म्हातारा त्यांच्यावर खूश असे. आजोबा येताना घरच्या सुक्या अळंबीची पिशवी आणत. ती नको म्हणणं शक्य नव्हतं आणि सगळी खाणंही शक्य नव्हतं, म्हणून खोली सांभाळणाऱ्या होआशीबाई ती टेबलाच्या खालच्या खणात कोंबत. वर्षानुवर्षं कोंबत आल्या होत्या. त्या खणाचा वास शब्दकोशांना लागला, स्वेटरांना लागला, निबंधांनाही लागला. एका प्राध्यापकांनी तर एका व्हिएतनामी मुलाचा निबंध नाकाजवळ नेऊन विचारलं होतं, “हा होआशीबाईंनी तपासलाय ना?”

चिझुरू होआशी ह्या बाई त्या खोलीच्या सर्वेसर्वा, म्हणजे शिपायापासून प्रमुखापर्यंत सगळं त्याच. पन्नाशी उलटलेली, नेमणूक एका वर्षाची, दर वसंतात नव्याने मिळणारी. कुणाला निबंध तपासून हवा असे, कुणाला घरमालकाची चिठ्ठी समजून घ्यायची असे, कुणाची दाढ ठणकत असे आणि डॉक्टरला नेमकं कसं ठणकतं ते सांगता येत नसे. सगळी येऊन विचारत. बाईंचं लग्न वीस-बावीस वर्षं चाललं, त्यात नवऱ्याने त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं, घटस्फोटाचंसुद्धा सांगितलंच होतं. त्यामुळे कुणी दारातून डोकं आत घालून “बाई, एक विचारू?” म्हटलं की त्यांच्या पोटात ऊब येई. ह्या खोलीवर त्यांचा जीव होता. एखाद्या खोलीवर इतका जीव असू नये हे त्यांना कळत होतं, पण होता.

डिसेंबरात एके दुपारी कुसाकाबेसाहेब खोलीत आले. परदेशी विद्यार्थी विभागाचे प्रमुख. हातात गोडाचा खोका. साहेब स्वतःहून गोड घेऊन आले की कडू मागून येतं, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी चहा केला.

“होआशीबाई, तुमचं काम म्हणजे... खरोखर,” साहेब म्हणाले.

“छे छे, कसलं काम.”

“खरोखर. वरच्या मंडळींनाही तेच वाटतं. त्यामुळे एप्रिलपासून ह्या खोलीबाबत जरा विचार चाललाय.”

“विचार?”

“म्हणजे ‘मनमोकळा संवाद कोपरा’. सोफा ठेवायचा. आणि एक यंत्र. त्यात कुठल्याही भाषेत बोललं की जपानीत उत्तर येतं.”

“आणि माणूस कोण बसणार?”

साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. स्स्स्. ह्या आवाजाचा अर्थ कोशात नाही, पण त्या गावातलं शेंबडं पोरही तो जाणतं. “माणसाचं तेवढं जरा कठीण आहे,” ते म्हणाले.

कठीण आहे म्हणजे होणार नाही. बाईंनी मान लववली. ‘बंद करू नका हो’ हे शब्द त्यांच्या जिभेच्या टोकाशी आले आणि तिथून मागे फिरले. असं तोंडावर काही मागायचं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकायचं. बाईंनी उभ्या जन्मात कुणाला अडचणीत टाकलं नव्हतं.

दारात पोचल्यावर साहेब थबकले. “फेब्रुवारीत ती परदेशी विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा आहे नं. महापौर येतात. तिथे आपल्याकडचं कुणी पहिलं आलं, तर मला वर बोलायला तोंड राहील.”

मग गोडाचा खोका ठेवून ते गेले, आणि बाईंनी त्या दिवसापासून स्पर्धेचा ध्यास घेतला.

स्पर्धेला पाठवण्याजोगी एकच मुलगी होती. नोदिरा. ताश्कंदची, अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला, जिभेला धार. ती भाषण लिहून घेऊन आली. विषय होता: ‘तुमचं जपानी किती छान आहे’. इथे मी तोंड उघडून ‘नमस्कार’ म्हटलं की लोक म्हणतात, अगंबाई, तुमचं जपानी किती छान आहे. मग मी पुढे जे बोलते ते कुणी ऐकतच नाही. काड्यांनी जेवता येतं का, एवढं विचारतात. मी चुकले तर कुणी चूकही दाखवत नाही, हसतात फक्त. तीन वर्षांत माझ्याशी भांडलेला एकही माणूस मला इथे भेटला नाही, आणि म्हणून मला फार एकटं वाटतं. असं ते भाषण होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, “फार सुंदर आहे. चौथा नंबर येईल.”

“का?”

“परीक्षकांना रडायला लागतं गं. उष्ण झऱ्याच्या विश्रामगृहाच्या मालकीणबाई आहेत, देवळाचे मुख्य पुजारी आहेत आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. रुमाल घेऊनच येतात. गेल्या साली पहिला आला त्याचं पाकीट हरवलं होतं. त्याच्या आदल्या साली छत्री.”

“आणि?”

“आणि मिळालं परत. अनोळखी माणसाने आणून दिलं, नावही न सांगता गेला. विद्यार्थी रडला, परीक्षक रडले. तुझं कधी काही हरवलं असेल ना?”

“नाही.”

“आठव. हातमोजा? किल्ली?”

“बाई, आमच्या घरी वस्तू हरवली तर आधी हरवणाऱ्याच्या पाठीत धपाटा. मी काही हरवत नाही.”

“मग थोडं... कल्पनेने.”

नोदिराने भुवया वर केल्या. “खोटं बोलू? व्यासपीठावर उभं राहून?” आणि मग तिला हसू फुटलं. “बरं, एक करते. खरंच हरवते. हरवलं आणि परत आलं तर सांगेन.”

बाईंनी खोलीचं तेव्हाच सांगून टाकायचं होतं. एका वाक्याचं काम. पण लेकराच्या डोक्यावर आपलं ओझं कशाला ठेवा, असा त्यांनी विचार केला. ह्या विचाराला त्यांच्याकडे सौजन्य म्हणतात.

मग सुरू झाला पाकीट हरवण्याचा खटाटोप. नोदिराने ते स्टेशनच्या बाकावर ठेवलं आणि चालू लागली. जिना चढायच्या आत एक शाळकरी मुलगी धापा टाकत मागून आली, पाकीट दोन्ही हातांनी दिलं आणि जणू चूक आपलीच झाल्यासारखी वाकून माफी मागून पळाली. दुसऱ्या खेपेला बसमध्ये सोडलं. चालकाने बस थांबवून ध्वनिक्षेपकावरून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं. तिसऱ्यांदा तिने ते शीतपेयाच्या यंत्राशेजारी, झुडपाआड ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पाकीट तिथेच. फक्त कुणीतरी ते झुडपाआडून उचलून दिसेल अशा जागी ठेवलं होतं आणि दव पडेल म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी घातली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगडही.

“हे गाव आहे की काय आहे!” नोदिरा खोलीत येऊन म्हणाली. “साधं पाकीट हरवता येत नाही.”

“फार लवकर परत येतंय,” बाई खिन्न होऊन म्हणाल्या. “रडायला सवड तरी मिळायला हवी.”

“मग माझं पहिलंच भाषण बरं. कप धुऊन आणते.” असं म्हणून ती चहाचे कप घेऊन बोळातल्या मोरीकडे गेली.

पाकीट टेबलावर, कोशाजवळ राहिलं होतं.

होआशीबाईंच्या आयुष्यातला आजवरचा सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत करणं. तेव्हाही त्यांनी सोबत क्षमापत्र आणि संत्री नेली होती. पण त्या क्षणी त्यांचा हात पुढे झाला, पाकीट उचललं, खालचा खण उघडला आणि अळंबीच्या पिशव्यांखाली सारलं. दोनच दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं. दोन दिवसांनी स्टेशनजवळच्या पोलीसचौकीत नेऊन देईन, ‘सापडलं’ म्हणून. मुलगी खरोखर हवालदिल होईल, खरोखर आनंदेल आणि जे बोलेल ते खरंच असेल. चोरीसुद्धा किती शिस्तीत आखली होती! नोदिरा परत आली, कप पालथे घातले, कोश पिशवीत टाकला आणि निघून गेली.

संध्याकाळी तिचा फोन. “बाई, पाकीट हरवलं! खरंच! खोलीत राहिलंय का?”

“इथे? इथे नाही गं,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. “काळजी करू नकोस. हा जपान आहे.”

‘बरं’ म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसाकाबेसाहेबांचा फोन आला. आवाज पडलेला. नोदिराला पोलिसांनी सायकलवरून जाताना अडवलं होतं. दिवा लागत नव्हता एवढंच. पण सायकल थांबवली की मग नाव, मग गाव, मग परदेशी आहात तर ओळखपत्र दाखवा. ओळखपत्र पाकिटात. परदेशी माणसाने ते सदैव जवळ बाळगायचं असा कायदा आहे, आणि ‘पाकीट हरवलंय’ असं तर काय कुणीही सांगेल. सकाळपासून ती चौकीत बसून होती.

“तुम्हीही चला,” साहेब म्हणाले. “वाकायला दोन माणसं असलेली बरी.”

बाईंनी फोन ठेवला. इतकी वर्षं त्या ह्या मुलांचे अर्ज लिहीत आल्या होत्या, ते ओळखपत्र त्यांनी शेकडो वेळा हातात धरलं होतं. पण त्याच्यावाचून ही मुलं घराबाहेर पाऊल टाकू शकत नाहीत, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःला कुणी कधी अडवलं नव्हतं. त्यांनी खण उपसला, पाकीट कोटाच्या खिशात घातलं आणि धावत सुटल्या. धावताना त्यांना रडू येत होतं.

चौकीत साहेब आधीच पोचले होते आणि नोदिरा लोखंडी खुर्चीवर ताठ बसली होती. समोर गार झालेला चहा. कोवळा पोलीस अतिशय नम्र होता. नम्रपणेच त्याने तिला उठू दिलं नव्हतं.

“हे... हे मला आत्ता वाटेत सापडलं,” बाई म्हणाल्या. “शीतपेयाच्या यंत्रापाशी.”

“काय योगायोग!” पोलीस उभाच राहिला. “पाहिलंत ना ताई? परत आलंच की नाही? आमच्या गावात असंच असतं.” आणि मग त्याने बाईंकडून कुठे, केव्हा, कुठल्या बाजूला पडलं होतं ते सगळं लिहून घेतलं. बाईंनी सगळ्याची खोटी उत्तरं दिली. एकदा खोटं बोलायला बसलं की तपशील आपोआप सुचत जातात, ह्याचं त्यांना नवल वाटलं.

नोदिराने पाकीट हातात घेतलं. उघडलं नाही. नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग तिच्या गालांवरून पाणी ओघळलं.

‘पाकिटाचा मुका घेतेय बिचारी,’ बाईंच्या मनात आलं.

“रडा, रडा,” पोलीस हळवा होऊन म्हणाला. “तुमचं जपानी किती छान आहे हो! सकाळपासून ऐकतोय.”

बाईंच्या सह्या व्हायच्या होत्या, म्हणून साहेब नोदिराला घेऊन पुढे गेले. दोन दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, खाली मथळा: ‘विद्यार्थिनीचं पाकीट शोधून देणारी शिक्षिका’. ओगाताआजोबांनी ते कात्रण चौकटीत बसवून आणलं आणि सोबत अळंबीची दुप्पट पिशवी. साहेबांनी फोन करून “खरोखर!” म्हटलं. बाईंनी ती चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

पुढच्याच आठवड्यात नोदिराने नवं भाषण टेबलावर ठेवलं. अगदी ठरलेल्या पाककृतीप्रमाणे. परक्या देशात हरवलेलं पाकीट, थंडी, चौकी, आणि दारात उभी राहिलेली शिक्षिका. शेवटी ‘धन्यवाद, जपान’. कुठे तिखटमीठ कमी नाही, जास्त नाही.

“छान झालंय,” बाई खाली मान घालून म्हणाल्या.

“चुका?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

नोदिराने कागद उचलले आणि ती गेली.

स्पर्धेच्या दिवशी नगरसभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत महापौर, मग तीन परीक्षक, मांडीवर रुमाल. बाई आणि साहेब चौथ्या रांगेत. पहिल्या मुलाची छत्री हरवली आणि मिळाली. दुसरीला चुकलेल्या वाटेवर एका आजीने घरापर्यंत सोडलं. विश्रामगृहाच्या मालकीणबाईंचे डोळे एव्हाना ओले झाले होते आणि त्या पुढच्या हप्त्याची वाट पाहत होत्या. मग नोदिरा आली. वाकली. तिच्या हातात कागद नव्हता.

“माझं पाकीट चार वेळा हरवलं,” ती म्हणाली. “तीन वेळा मी मुद्दाम हरवलं. तिन्ही वेळा ह्या गावाने परत आणून दिलं. तेव्हा मी हरवायच्या आधी ओळखपत्र काढून मोज्यात ठेवत होते, कारण आम्हाला ते ठेवावं लागतं. चौथ्या वेळी मला ते काढता आलं नाही. कारण चौथ्या वेळी ते मी हरवलं नव्हतं. एका माणसाने घेतलं होतं.”

बाईंनी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका दुमडायला घेतली.

“पोलिसांनी मला बसवून ठेवलं. मी नीट, आदराने, सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, तुमचं जपानी किती छान आहे. आणि मला तसंच बसवून ठेवलं. तेव्हा मला समजलं, की छान बोलता येणं हा एक विषय आहे आणि आपल्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणं हा वेगळा विषय आहे. पहिल्यासाठी आमच्या विद्यापीठात एक खोली आहे. दुसऱ्यासाठी कुठेच नाही.

“पाकीट परत आलं तेव्हा त्याला सुक्या अळंबीचा वास येत होता. मला कळलं ते कुणी घेतलं होतं. इतका राग आला की मी रडले. मग वाटेत मला कुणीतरी सांगितलं, की ती खोली बंद होणार आहे आणि माझ्या भाषणावर ती वाचणार आहे. म्हणून मी खोटं भाषण लिहिलं. पाठ केलं. आत्तासुद्धा म्हणून दाखवू शकते. पण त्या खोलीत मला एवढंच शिकवलंय, की जे आपलं आहे ते बोल. ते सोडून इथे दुसरं बोलले तर ती खोली वाचवून करायचं काय?

“ज्या माणसाने घेतलं ते माणूस मला ह्या देशात सर्वांत जवळचं आहे. त्याने एकदा विचारलं असतं, नोदिरा, माझ्यासाठी खोटं बोलशील का, तर मी खुशाल बोलले असते. दहा पाकिटं हरवली असती. पण इथले लोक सापडलेलं सगळं परत करतात आणि हवं असलेलं काही मागत नाहीत. चोरणं त्यांना मागण्याहून सोपं गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं.”

ती वाकली. मग टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. मालकीणबाईंनी डोळे टिपले.

“पाकीट मिळालं हो शेवटी!” त्या शेजारच्या पुजाऱ्यांना म्हणाल्या.

“मिळणारच,” पुजारी म्हणाले.

निवृत्त मुख्याध्यापकांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन अभिप्राय दिला: “विनोदाचा वापर ताजातवाना. वेळ मात्र थोडा जास्त झाला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ह्यांचं जपानी किती छान आहे!” छत्रीवाला पहिला आला. नोदिराला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, गावच्या सुक्या अळंबीचा खोका, सोनेरी फितीने बांधलेला.

बाहेरच्या दालनात चहा होता. कुसाकाबेसाहेबांचा चेहरा उजळला होता. “होआशीबाई, काय बोलली हो पोरगी! इतकं अवघड, एकदाही न अडखळता. मी वर सांगणार आहे, की आपल्या विद्यार्थ्यांना आता अतिरिक्त मदतीची गरजच उरलेली नाही. खोलीचा हेतू सफल झाला! अगदी मानाने बंद करता येईल.” आणि ते महापौरांच्या घोळक्याकडे वळले.

इतक्या वर्षांत बाईंनी चोख काम केलं त्याचं हे फळ. ज्या माणसाने सगळं भाषण ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही, त्याच्या पाठीकडे त्या पाहत राहिल्या.

नोदिरा खांबाजवळ एकटी उभी होती. बाई तिच्यासमोर गेल्या आणि कमरेत वाकल्या, इतक्या खाली की केसांतला चाप निसटून फरशीवर पडला.

“वाकू नका. बोला,” नोदिरा म्हणाली.

“मी घेतलं. खणात लपवलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तुला तिथे बसावं लागलं ते माझ्यामुळे. मला माफ कर.”

नोदिराने चाप उचलून त्यांच्या हातात दिला. वस्तू परत करायला तीही एव्हाना शिकली होती. “राग आहे अजून,” ती म्हणाली. “थोडे दिवस राहील.”

“राहू दे.” बाईंनी डोळे पुसले. “आणि भाषणात तू तीन ठिकाणी चुकलीस. शेवट फार घाईत म्हटलास. मोज्याचं आधी सांगून टाकलंस, ते मागाहून यायला हवं होतं. आणि ‘वाईट वाटतं’ म्हणालीस, तिथे खरं म्हणजे तुला चीड येत होती. ते लपवलंस.”

नोदिराचा चेहरा असा फुलला, की कुणाला वाटावं तिलाच पहिला नंबर मिळालाय. “तीन?” ती म्हणाली. “आणखी शोधा!”

“शोधीन. नोदिरा, तुला जमत असेल, आणि तुझी काही अडचण होणार नसेल, तर वेळ मिळेल तेव्हा...”

“बाई. पुन्हा म्हणा. जमत असेल, अडचण नसेल, सगळं काढून टाका.”

“माझी खोली चाललीय,” बाई म्हणाल्या. आवाज फुटला, तरी त्या थांबल्या नाहीत. “मला ती हवीय. मला मदत कर.”

“छान. आता हेच तिकडे जाऊन म्हणा. मी मागे उभी राहते.”

होआशीबाईंनी घोळका कापला. महापौरांच्या हातात कप होता, मालकीणबाई अळंबीचे गुण सांगत होत्या. बाईंनी कुणाचीच माफी मागितली नाही, त्यामुळे सगळे आपोआप गप्प झाले.

“कुसाकाबेसाहेब, खोली बंद करू नका.”

“आं? होआशीबाई, ते आपण... त्याचं जरा कठीण...”

“कठीण आहे हे ऐकलं. बंद करणार की नाही?”

साहेबांनी दातांतून हवा ओढली. स्स्स्. ती संपली तरी बाई तिथेच. त्यांनी आणखी ओढली. छाती फुगली, कान तांबडे झाले. त्यांना आजवर नोकरीत कुणी ‘हो की नाही’ विचारलं नव्हतं, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवणारी खोलीही विद्यापीठात नव्हती. त्यांनी महापौरांकडे पाहिलं. महापौरांनी कपात पाहिलं.

“आणि ते पाकीट मी चोरलं होतं,” बाई पुढे म्हणाल्या. “वर्तमानपत्रात आलं ते खोटं आहे.”

“किती विनयशील बाई आहेत!” मालकीणबाई गहिवरून म्हणाल्या.

“विनय नाही. चोरी. साहेब, हो की नाही?”

आता सगळं दालन साहेबांच्या तोंडाकडे पाहत होतं. ओढलेली हवा कुठेतरी सोडणं भाग होतं, आणि ती सोडताना तिच्याबरोबर एक शब्द बाहेर पडला, बारीक, त्यांनाच अनोळखी.

“नाही,” ते म्हणाले. “म्हणजे, नाही करत बंद. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत.”

बाईंनी हातातला चाप केसांत खोचला. मागून नोदिराचा आवाज आला, मुद्दाम मोठा, अगदी त्या पोलिसाच्या हळव्या सुरात.

“बाई, तुमचं जपानी किती छान आहे हो!”